चांदीखाली कीड असेल का, हे चांदी न काढता कसं ओळखायचं?

ताईंचा प्रश्न मोठा होता, थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय ३९, कॉलेजच्या वर्षांत पाच दाढांत चांदी भरलेली, नंतर एका दाढेत दोन दातांच्या मधल्या बाजूने पांढरं सिमेंट. आजवर काही दुखलं नाही. बदली होऊन नवीन शहरात आल्या, क्लिनिंगला गेल्या, तर तिथले डॉक्टर म्हणाले चांदी काळी पडलीय, कडेला फट दिसतेय, आत कीड असणारच, सगळ्या काढून नवीन भरू, एकदोन दाढांना रूट कॅनाल पण लागू शकतं. एक्सरे काढला तर त्यात काही दिसलं नाही, तेव्हा उत्तर मिळालं की मेटलखालचं एक्सरेत दिसतच नाही, उघडल्यावर कळेल. तेव्हापासून ताईंची जीभ सारखी त्या दाढांवरच, रात्री मोबाईलचा टॉर्च लावून आरशात बघणं चालू. आणि मेसेजच्या अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय की त्या पांढऱ्या सिमेंटच्या दाढेशेजारी मेथीची भाजी नि मटणाची रेष हमखास अडकते, फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीत घालायचा दोरा, घातला तर चिरतो, "पण ते आधीपासूनच आहे."

मी खूप वर्षं हेच काम करतोय, चांदी भरलीही भरपूर आणि जुनी काढलीही भरपूर, त्यामुळे जे हाताखालून गेलंय तेच सांगतो. तुमच्या पाच चांदीच्या दाढांची मला फारशी काळजी वाटत नाही. त्या फ्लॉस चिरणाऱ्या दाढेची वाटते. ती या आठवड्यात दाखवा, बाकीचं सावकाश.

आता का ते सांगतो. फिलिंगच्या खाली बंद जागेत कीड आपोआप जन्माला येते आणि वर्षानुवर्षं गुपचूप पोखरत राहते, असं बहुतेकांच्या डोक्यात असतं. तसं होत नाही. दात किडतो म्हणजे काय, तर दातावर चिकटलेल्या थरातले जंतू आपण खाल्लेली साखर आणि पिष्ट खातात, ॲसिड सोडतात आणि ते ॲसिड दातातलं कॅल्शियम विरघळवतं. जंतूंना रोज खुराक लागतो. नीट बंद झालेल्या फिलिंगखाली साखर पोचतच नाही, मग तिथले जंतू उपाशी राहतात, बरेचसे मरतात, उरलेले निपचित पडून राहतात. फिलिंगला नंतर लागणारी कीड ही बाहेरून, कडेने येते. गच्चीच्या गळतीसारखं आहे, ओल खोलीच्या मध्यभागी दिसली तरी पाणी कुठूनतरी पॅरापेटच्या चिरेतूनच आलेलं असतं. म्हणून आम्ही फिलिंगच्या कडा बघतो, त्यातही दोन दातांच्या मधली, हिरडीजवळची खालची कड, जिथे ब्रश पोचत नाही आणि थर साचून राहतो. चावायच्या पृष्ठभागावरची कड, जी तुम्हाला आरशात टॉर्च मारून दिसते, ती जिभेने आणि ब्रशने रोज घासली जाते, तिथून नवीन कीड लागायचं प्रमाण त्यामानाने कमी. म्हणजे तुम्ही रात्री जे बघत बसता ते बघून काही कळणार नाही, आणि जिथे बघायला हवं ते तुम्हाला दिसणार नाही, त्यामुळे तो टॉर्च बंद करा प्लीज.

दुसरी भीती असते की "आधीच्या डॉक्टरांनी कीड नीट साफ न करताच भरलं असेल तर?" बरं, समजा थोडी राहिली. खोल किडलेल्या दाढेत नसेच्या अगदी जवळची थोडी मऊ कीड आम्ही आता मुद्दाम ठेवतो, कारण ती खरवडून काढायला गेलं तर नस उघडी पडते आणि जो दात फिलिंगवर निभावला असता त्याला रूट कॅनाल करावं लागतं. अट एकच, आजूबाजूची कड स्वच्छ, कडक पाहिजे म्हणजे वरचं झाकण घट्ट बसतं. २०१६ साली या विषयातल्या जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन हीच पद्धत सुचवली. त्याच्या कितीतरी आधी अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, किडलेल्या दाढांमधली कीड तशीच ठेवून वरून सील केलेलं फिलिंग केलं आणि १० वर्षं बघत राहिले. १९९८ मध्ये त्याचा निकाल छापून आला, सील टिकलं तिथे कीड पुढे सरकली नव्हती. स्कॉटलंडमध्ये तर लहान मुलांच्या किडलेल्या दुधाच्या दाढांवर ड्रिल न करता, कीड न काढता थेट स्टीलची कॅप बसवायची पद्धत निघाली, हॉल टेक्निक म्हणतात तिला, आज आपल्याकडचे मुलांचे डेंटिस्टही वापरतात. आईबापांना सांगितलं की पहिल्यांदा भुवया वरच जातात.

चांदीचं बोलू. ज्याला आपण चांदी म्हणतो त्यात वजनाने जवळपास निम्मा पारा असतो आणि बाकी चांदी, कथील, तांबं वगैरेची पूड. भरल्यावर पहिल्या काही महिन्यांत तिच्या आणि दाताच्या मध्ये बारीक फट असते, पण हळूहळू धातूचा गंज त्या फटीत भरत जातो आणि कड आपली आपणच सील होते. म्हणून तर इतक्या जुन्या, त्या काळी काही ठिकाणी खलात घोटून भरलेल्या चांदी अजून टिकून आहेत. काळी पडणं हा तिचा स्वभावच आहे. शेजारचा दात निळसर-करडा दिसतो तोही बहुतेक वेळा आतला धातू पातळ इनॅमलमधून, म्हणजे दाताच्या वरच्या कडक कवचातून, दिसत असतो, नाहीतर धातूचे क्षार दातात मुरलेले असतात. रंगावरून कीड ठरवता येत नाही. हे परत वाचा, कारण "काळं दिसतंय" एवढ्यावर महाराष्ट्रात रोज किती चांगल्या चांदी उखडल्या जात असतील देव जाणे.

कडेची फट मात्र थोडी नीट समजून घ्या. चावून चावून चांदीची कड झिजते, टवके उडतात, बारीक चर पडतो. ही नुसती चर म्हणजे कीड नव्हे. आमच्याकडे हिरडी मोजायची जी बोथट सळई असते तिचं टोक साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचं असतं. ते टोक चरीत शिरलं नाही तर पॉलिश करून किंवा नुसतं लक्ष ठेवून भागतं. शिरलं, आणि तळाला मऊ लागलं, तर तिथे काम आहे. टोकदार हुक जोरात खुपसून "बघा अडकला, म्हणजे कीड" हे जुनं झालं, अरुंद चरीत हुक अडकणारच, आणि कमजोर झालेल्या इनॅमलला त्यानेच भोक पडू शकतं.

पांढऱ्या सिमेंटचं, म्हणजे कॉम्पोझिटचं, प्रकरण वेगळं. ते निळ्या लाइटने कडक होताना दोनतीन टक्के आकसतं, ते दाताला चिकटवावं लागतं आणि चिकटवताना जागा एकदम कोरडी पाहिजे. दोन दातांच्या मध्ये, हिरडीला लागून, जिथे लाळ आणि रक्त झिरपत असतं तिथे कोरडं ठेवणं हे मोठं कसब आहे, वर त्या खालच्या कडेला इनॅमल पातळ असतं किंवा नसतंच. चांदीसारखा गंज येऊन फट बुजायची सोयही नाही. चांगल्या हाताने केलेलं कॉम्पोझिट १०-१५ वर्षं आरामात चालतं, मी रोज तेच करतो, पण बिघडायचं झालं तर बहुधा त्या खालच्या कडेपासून बिघडतं.

म्हणून तुमची ती दाढ. भाजी अडकते म्हणजे दोन दाढांमधला घट्ट टेकलेला भाग सुटलाय, आणि फ्लॉस चिरतो म्हणजे एकतर फिलिंगची कड बाहेर आलीय किंवा तुटलीय, नाहीतर तिथे खड्डा झालाय. यातलं काहीही असलं तरी तिथे अन्न सडतंय, हिरडी सुजतेय, आणि कीड लागायला लागणारं सगळं सामान रोज दोन वेळा पोचतंय. आधीपासून आहे म्हणून चालेल असं नाही, उलट आधीपासून आहे म्हणूनच लवकर दाखवा. आणि तोवर टूथपिक किंवा सेफ्टी पिनने कोरू नका, त्याने हिरडी आणखी खाली सरकते नि फट मोठी होते, इंटरडेंटल ब्रश, म्हणजे दोन दातांच्या फटीत जाणारा बारीक ब्रश, मिळतो मेडिकलमध्ये तो वापरा.

एक्सरेबद्दल त्या डॉक्टरांनी सांगितलं ते अर्धं खरं आहे. मेटलमधून किरण आरपार जात नाहीत, त्यामुळे चांदीच्या गालाकडच्या किंवा जिभेकडच्या बाजूला असलेली कीड चांदीच्या पांढऱ्या सावलीत झाकली जाऊ शकते, आणि दातातलं तीसेक टक्के खनिज गेल्याशिवाय एक्सरेत काळं दिसतच नाही, म्हणजे सुरुवातीची कीड सुटते. पण जी जागा खरी धोक्याची, दोन दातांच्या मधली खालची कड, ती एक्सरेत चांगली दिसते. फक्त एक्सरे योग्य पाहिजे. आपल्याकडे दाढ दुखली की मुळासकट एका दाताचा छोटा एक्सरे काढतात, किंवा सेंटरवर पाठवून अख्ख्या जबड्याचा ओपीजी. ओपीजी कडा बघायला कामाचा नाही, दाढा एकमेकींवर चढलेल्या दिसतात. सीटी स्कॅनसारखा थ्रीडी काढला तर मेटलच्या भोवती रेघोट्या उमटतात, कीड नसताना काळं दिसतं. तुम्हाला हवा तो बाइटविंग, फिल्मला किंवा सेन्सरला पट्टी लावतात, ती दातांत चावून धरायची, वरच्या आणि खालच्या दाढांची डोकी एकाच चित्रात येतात आणि फिलिंगच्या कडा सरळ दिसतात. दोन्ही बाजूंचे मिळून दोन पुरतात. डोसची भीती नको, एका बाइटविंगला पाचेक मायक्रोसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं माप) पडतात, आणि जमीन, हवा, आकाश यांच्याकडून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे २४०० मायक्रोसिव्हर्ट, मिळतच असतात, हिशोब केला तर एका दिवसाच्या वाट्यापेक्षाही कमीच.

आणि उलटीही चूक होते, तीही सांगतो. फिलिंगखाली काळी रेष दिसली म्हणून लगेच कीड ठरवायची नसते. जुन्या कॉम्पोझिटमध्ये आणि खाली लावलेल्या काही औषधांत एक्सरेत पांढरं दिसणारं द्रव्य नसायचं, चिकटवायचं लिक्विड कोपऱ्यात साचलं तरी काळा डाग दिसतो. शिवाय एकदम पांढऱ्या धातूशेजारी डोळ्यालाच एक काळी कड भासते, प्रत्यक्षात ती नसतेही. यावर तोडगा म्हणजे जुना एक्सरे शेजारी ठेवून बघणं. दोन वर्षांत डाग तेवढाच असेल तर बहुतेक वेळा नुसती नजर ठेवायची. वाढला असेल तर उघडायचं. तुमच्या जुन्या गावच्या डॉक्टरांना फोन करून जुने एक्सरे किंवा फोटो असतील तर व्हॉट्सॲपवर मागवून घ्या.

"उघडून बघू" यात वाईट काय, असं तुम्हाला वाटेल. उघडलं की दात कमी होतो, एवढंच. जुनी चांदी काढताना कितीही जपलं तरी भोवतीचा थोडा चांगला दात जातो, कॉम्पोझिट काढताना तर जास्तच, कारण त्याचा रंग दातासारखा, कुठे फिलिंग संपलं नि दात सुरू झाला ते दिसत नाही. दर वेळी खड्डा मोठा, भिंती पातळ, नस जवळ. छोट्या फिलिंगचं मोठं, मोठ्याची कॅप, मग रूट कॅनाल, मग एक दिवस दाढ उभी चिरते आणि काढावी लागते. खूप पेशंटच्या दाढांचा हाच प्रवास मी बघितलाय, आणि त्यातल्या काहींचं पहिलं पाऊल विनाकारण होतं.

उघडल्यावर आत काय दिसतं तेही ऐका, कारण इथेच लोक घाबरतात. चांदी तुकड्या-तुकड्यांनी निघते, आणि खाली बऱ्याचदा कुळकुळीत काळं दिसतं. पेशंटला आरशात दाखवलं तर त्याला वाटतं, बापरे, केवढी कीड. पण चमच्यासारखं छोटं हत्यार असतं आमचं, ते त्यावरून फिरवलं की कर्रर्र असा कडक आवाज येतो, काही निघत नाही. तो धातूच्या क्षारांनी रंगलेला नाहीतर कधीच थांबलेल्या किडीचा निरोगी, टणक दात असतो, त्याला हात लावायचा नाही. खरी चालू कीड फिकट पिवळट-तपकिरी, ओलसर असते, चमच्याला ओले पापुद्रे निघतात आणि वास येतो. म्हणजे उद्या कोणी दाढ उघडून तुम्हाला काळ्याचा फोटो दाखवला, तर "डॉक्टर, ते मऊ आहे का कडक?" एवढं विचारा.

आणि सगळं फिलिंग काढायची गरज बहुतेक वेळा नसतेच. एका कडेला तुकडा उडालाय तर तेवढीच कड साफ करून तिथे सिमेंट लावता येतं, चांदीला जोडूनसुद्धा. जागतिक दंत संघटनेने २०१९ मध्ये ठरावच केला की शक्य तिथे बदलण्याऐवजी दुरुस्ती करा. पेशंटला "ठिगळ" वाटतं आणि डॉक्टरला बिल कमी होतं, त्यामुळे दोन्हीकडून उत्साह कमी असतो, खरं बोलायचं तर.

पाऱ्याचा प्रश्न कोणीतरी विचारणारच. युरोपियन युनियनने जानेवारी २०२५ पासून चांदी भरणं जवळजवळ बंद केलंय ते मुख्यतः पर्यावरणात जाणाऱ्या पाऱ्यासाठी. आधीच बसलेली, धड असलेली चांदी काढा असं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं नि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२० मध्ये सांगितलेलं नाही, उलट काढू नका म्हणालेत, कारण घासून काढताना पाऱ्याची वाफ जास्त सुटते. दिवस राहिलेले असताना तर उगाच नकोच.

मग घाई कधी करायची? थंड पाणी लागल्यावर क्षणभर शिवशिवून थांबतं ते एक वेळ बघू म्हणता येतं, पण कळ अर्धा मिनिट, मिनिटभर रेंगाळते, गरम चहाने ठणका लागतो, रात्री आपोआप जाग येते, तर दुसऱ्या दिवशी जा. गोड खाल्लं की एकाच दाढेत सणक जाते, फिलिंगची कड अचानक जिभेला धारदार लागायला लागते, एकाच जागेतून घाण वास किंवा चव येते, दाढेच्या कडेला आतून करडी-तपकिरी सावली दिसते जी आधी नव्हती, हे पण दाखवायचं. मोठी चांदी असलेल्या दाढेने चावून सोडताना, म्हणजे दात उचलताना, झटकन कळ येते तर ती बहुधा कीड नसून दाढेला गेलेली चीर असते, तिला कॅप लागते आणि वेळेत लागली तर दाढ वाचते. आणि एक वर्ग असा की जिथे दुखण्याची वाट बघून उपयोगच नाही, रूट कॅनाल झालेल्या दाढा. नस काढलेली असते, कॅपच्या खाली कडेने कीड शिरली तरी कळ येणार नाही, एक दिवस कॅप दातासकट हातात येते. घरात कोणाच्या असतील तर त्यांना आधी धाडा.

आता तुमचा स्वतःचा धोका किती, कारण शेवटी फिलिंगपेक्षा तोंड जास्त ठरवतं. गेल्या तीनेक वर्षांत नवीन कीड कुठेच लागली नसेल, बीपी-डिप्रेशनच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडत नसेल, दिवसभर घोट घोट गोड चहा नसेल, तर जुन्या पाच चांदी अजून बरीच वर्षं काढतील. पेस्ट मात्र तपासा, बऱ्याच हर्बल पेस्टमध्ये आणि लाल पावडरमध्ये फ्लोराइड नसतं. ट्यूबवर १००० पीपीएमच्या आसपास लिहिलेलं हवं, रात्री घासल्यावर थुंकून टाका, खळाळून चूळ भरू नका. गावाकडे आई-आजी मिश्री लावत असतील तर त्यांच्या दातांची मुळं उघडी पडलेली असतात आणि फिलिंगच्या खाली मुळावर कीड लागते, तो वेगळा आणि जास्त वाईट प्रकार.

पुढच्या वेळी क्लिनिकमध्ये भांडू नका, फक्त म्हणा की कोणत्या दाढेला, कोणत्या बाजूला कीड आहे ते मला बाइटविंगवर किंवा कॅमेऱ्याच्या फोटोत दाखवा, आणि दुरुस्तीवर भागणार नाही का. चांगला डॉक्टर चिडत नाही, स्क्रीन फिरवून दाखवतो. "सगळ्याच बदलूया" एवढंच उत्तर आलं तर सेकंड ओपिनियन घ्या. खर्चाची अडचण असेल तर मुंबईत सरकारी डेंटल कॉलेज सीएसएमटीजवळ आहे, महापालिकेचं नायर डेंटल मुंबई सेंट्रलला, नागपूर आणि संभाजीनगरला सरकारी कॉलेज आहेत, गोव्यातल्या लोकांना बांबोळी. रांग असते, सकाळी लवकर जा, केसपेपर काढून कॉन्झर्व्हेटिव्हच्या, म्हणजे फिलिंग बघणाऱ्या, डिपार्टमेंटला पाठवा म्हणायचं, तिथे शिकणारी मुलं तपासतात आणि वर मॅडम-सर येऊन बघतात, त्यांना फिलिंग जास्त केल्याने पगार जास्त मिळत नाही.

फ्लॉसवाली दाढ दाखवून झाली की बाइटविंगची सॉफ्ट कॉपी मेलवर मागा आणि तारखेसकट ठेवून द्या. त्यात चांदीच्या कडा स्वच्छ असतील तर पुढचा बाइटविंग दोन ते तीन वर्षांनी, मधे सहा महिन्या-वर्षाला नुसतं दाखवून यायचं.